स्टोरेजच्या ट्रॅफिकला वेगळं सोवळं कशाला?

तिसरारॅक, धागाकर्ता

मुद्दा थेट मांडतो. आमच्याकडे केव्हीएमचे (एका पेटीत अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारे) तीन सर्व्हर आणि दोन कंट्रोलरचा एक स्टोरेज बॉक्स येतोय. जोडणी आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरायच्या पद्धतीने, दहा गिगाबिट इथरनेटवर. रॅकमध्ये दोन चांगले स्विच आधीपासून आहेत, निम्मे पोर्ट रिकामे. मी म्हटलं, एक व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेलं वेगळं आभासी नेटवर्क) काढू, पोर्ट वाटून देऊ, झालं. यावर बाहेरून आलेल्या सल्लागारांनी असा चेहरा केला की जणू मी चपला घालून देवघरात शिरलो. "स्टोरेजला स्विच वेगळेच लागतात." का? "तशी पद्धत आहे."

माझ्या मते ही पद्धत नाही, सोवळं आहे. फायबर चॅनेलचं, म्हणजे खास स्टोरेजसाठीच्या नेटवर्कचं, जग वेगळं होतं. कार्डं वेगळी, स्विच वेगळे, वायर वेगळी, ते सांभाळणारी माणसंही वेगळी. ते सगळं टाळायचं म्हणूनच तर स्कझीच्या, म्हणजे डिस्कला द्यायच्या, आज्ञा टीसीपीत गुंडाळून साध्या नेटवर्कवरून पाठवायची युक्ती निघाली. २००४ साली आरएफसी ३७२० (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) आलं आणि आयस्कझी रीतसर प्रमाण झालं. पोर्ट ३२६०, बाकी सगळं नेहमीचं टीसीपी. आता त्याच आयस्कझीसाठी पुन्हा वेगळे स्विच घ्यायचे, तर इथरनेटच्या कपड्यातलं फायबर चॅनेलच झालं की ते.

आकडे बघा. बॉक्समध्ये ७२०० आरपीएमच्या २४ डिस्क आहेत. अशी एक डिस्क विखुरलेलं वाचन करताना सेकंदाला शंभरेक मागण्या पुऱ्या करते. चोवीस डिस्कच्या झाल्या २४००. प्रत्येक मागणी ८ केबीची धरली तर सेकंदाला २० एमबीसुद्धा भरत नाहीत, म्हणजे जेमतेम दीडशे मेगाबिट. आणि वायर दहा हजार मेगाबिटची! सध्याच्या स्विचवरचा सगळा ट्रॅफिक मिळून ३ गिगाबिटच्या वर कधी गेलेला नाही, आलेख माझ्याकडे आहेत. रिकाम्या हमरस्त्याशेजारी दुसरा हमरस्ता बांधायचा सल्ला मला पटत नाही.

व्हीलॅन वेगळी, प्राधान्य वेगळं. याहून जास्त वेगळेपणा कशासाठी हवा, हे 'पद्धत आहे' न म्हणता कुणी सांगेल का?

रात्रपाळी

असहमत. माझं कारण पुस्तकातलं नाही, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधीच्या नोकरीत आमची मांडणी तुम्ही म्हणताय तश्शीच होती. दोन स्विच, स्टॅक केलेले. प्रत्येक सर्व्हरची एक वायर या स्विचला, एक त्या. मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारी सोय) चालू, दोन्ही वाटा जिवंत. स्टोरेजची व्हीलॅन वेगळी. कागदावर अगदी देखणं. एका रात्री नेटवर्कवाल्या मित्राने स्विचवर नवीन फर्मवेअर चढवलं. त्याच्या दृष्टीने बिनघोर काम, मध्यरात्री ऑफिसात कोण असतं? दोन्ही स्विच एकाच वेळी रीबूट झाले. स्टॅक म्हणजे पेट्या दोन आणि मेंदू एक, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. स्विच परत उठले, तर स्टोरेजच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) लावायचं राहून गेलेलं. म्हणजे जुन्या स्पॅनिंग ट्रीच्या (नेटवर्कमधले फेरे टाळणाऱ्या नियमाच्या) हिशेबाने पोर्टने आधी १५ सेकंद ऐकायचं, १५ सेकंद शिकायचं, आणि मग कुठे बोलायचं.

लिनक्स आपल्या स्कझी डिस्कला एका आज्ञेसाठी ३० सेकंदांची मुदत देतं. मग पुन्हा प्रयत्न, मग पुन्हा, आणि शेवटी फाइल सिस्टिम हात टेकते आणि स्वतःला रीड-ओन्ली करून घेते. सकाळी साठेक व्हर्च्युअल मशीन चालू होती, पिंगला उत्तर देत होती, आणि एकालाही एक अक्षर लिहिता येत नव्हतं. मॉनिटरिंग सगळं हिरवंगार, कारण ते बिचारं पिंगच करत होतं.

नेटवर्क गेलं की माणूस थांबतो, वैतागतो, पान पुन्हा लोड करतो. फाइल सिस्टिम तशी थांबत नाही, ती निर्णय घेऊन मोकळी होते. आणि तो निर्णय निस्तरायला आम्हाला दुपार झाली. दोन डेटाबेस तर बॅकअपवरून उभे करावे लागले.

तुमची व्हीलॅन वेगळी असेल हो. स्विचचा प्रोसेसर, बफर, फर्मवेअर आणि त्या स्विचवर रात्री लॉगिन करणारा हात, हे सगळं सामाईकच.

तिसरारॅक

रात्रपाळीराव, किस्सा अंगावर आला, पण निदान चुकतंय असं वाटतं. तुमचा घात स्टॅकिंगने आणि विसरलेल्या पोर्टफास्टने केला. स्टोरेजसाठी दोन वेगळे स्विच घेऊन तेही तुम्ही स्टॅक केले असते, तर हेच झालं नसतं का? मल्टिपाथला स्टॅक लागतच नाही. दोन वाटा, दोन सबनेट, दोन स्वतंत्र स्विच, एकमेकांशी ओळखसुद्धा नको. माझे स्विच आज स्टॅक केलेले आहेत, हे मान्य. ते सोडवता येतात.

रात्रपाळी

सोडवता येतात, पण सोडवू देतील का? त्या स्टॅकवर बाकीच्या सर्व्हरांचे एलएसीपीचे (अनेक वायरींची मिळून एक वायर करणारे) जोड असतील, दोन्ही पेट्यांत पाय ठेवून. स्टॅक मोडला की ते सगळे जोड मोडले. म्हणजे स्टोरेजला हवं ते एक आणि ऑफिसच्या नेटवर्कला हवं ते नेमकं उलटं. एकाच पेटीवर दोघांचा संसार थाटला की हे भांडण रोजचं. मी वेगळे स्विच मागतो ते यासाठी. शुद्धतेसाठी नाही.

बफरमावशी

दोघांचंही वाचलं. मला आलेखाबद्दल बोलायचंय. "३ गिगाबिटच्या वर कधी गेलं नाही" हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात.

तो आलेख किती वेळाच्या सरासरीचा आहे? बहुतेक पाच मिनिटांच्या. स्टोरेजचं दुखणं पाच मिनिटांत घडत नाही, ते मिलिसेकंदात घडून जातं. समजा बॉक्सची बाजू २५ गिगाबिटची आणि सर्व्हरची १०. सर्व्हरने एक मोठं वाचन मागितलं. बॉक्सच्या कॅशेत ते तयारच होतं, त्याने २५ च्या वेगाने ओतलं. स्विचने ते १० च्या नळातून सोडायचं, तर उरलेलं कुठेतरी साठवायला हवं. ते साठवायची जागा म्हणजे बफर, आणि रॅकमधल्या सर्वसाधारण स्विचमध्ये तो साऱ्या पोर्टांना मिळून काही एमबी असतो. त्याच क्षणी दुसरा कंट्रोलरही त्याच सर्व्हरकडे ओतायला लागला तर बफर तुडुंब, आणि पुढची पॅकेटं ड्रॉप.

टीसीपी पुन्हा पाठवतं, हे खरं. पण कधी? मधलं पॅकेट गेलं तर मागून येणाऱ्यांमुळे लगेच कळतं. शेवटचंच गेलं तर मागून कुणी येतच नाही, मग घड्याळाची वाट बघायची. लिनक्समध्ये त्या घड्याळाची किमान मुदत २०० मिलिसेकंद आहे. फ्लॅशवालं स्टोरेज शंभर-दीडशे मायक्रोसेकंदात उत्तर देतं. म्हणजे एका गळालेल्या पॅकेटमागे हजारपटीहून जास्त थांबायचं. अलीकडच्या लिनक्समध्ये या शेपटीच्या पॅकेटावर उतारा आहे, पण स्टोरेज बॉक्सच्या पोटात कोणतं आणि कधीचं टीसीपी बसलंय, हे आपल्याला कोण सांगतं?

डेटाबेसवाले येऊन म्हणतात, मधूनच अडकतंय. नेटवर्कवाले आलेख दाखवतात, ३० टक्केसुद्धा भरलेलं नाही. दोघंही खरं बोलत असतात. तिसरारॅक, आलेख राहू द्या. स्विचवर प्रत्येक पोर्टचा 'आउटपुट ड्रॉप' नावाचा आकडा असतो, तो बघा आणि इथे सांगा.

आणि हो, हे सगळं वेगळ्या स्विचवरही होतंच. स्वस्तातला, उथळ बफरचा वेगळा स्विच घेतलात तर सोवळं पाळूनही पोट बिघडणार. त्यामुळे मी अजून कुणाच्याच बाजूची नाही.

तिसरारॅक

मावशी, बघितलं. बॅकअप सर्व्हरच्या पोर्टवर ड्रॉप आहेत. बरेच आहेत. गप्प बसतो थोडा वेळ.

फायबरनिष्ठ

हा धागा वाचून मौज वाटतेय. जे प्रश्न फायबर चॅनेलने कधीच मिटवले, ते तुम्ही एकेक करून नव्याने शोधताय.

आमच्याकडे पाठवणाऱ्याला समोरून क्रेडिट मिळाल्याशिवाय फ्रेम सुटतच नाही. समोर जागा आहे, हे आधी ठरतं, मग पाठवणं. गर्दी झाली की लगेच फ्रेम फेकून द्यायची ही पद्धत त्या घराण्यात नाही. इथरनेटचा स्वभाव उलटा: आधी पाठवा, मावलं तर मावलं. त्या स्वभावावर डिस्क टांगायची आणि मग बफर मोजत बसायचं.

आणि एकाच वायरीवर सगळं नेण्याचं स्वप्न आधी एकदा पाहून झालंय. एफसीओई आठवतंय का कुणाला? २००९ च्या सुमारास त्याचं प्रमाण ठरलं. फायबर चॅनेलची फ्रेम जशीच्या तशी इथरनेटमध्ये घालायची. पण इथरनेटने पॅकेट टाकून द्यायचं नाही अशी अट, म्हणून त्याच्यासाठी प्राधान्यनिहाय थांबवण्याची सोय करावी लागली, ८०२.१क्यूबीबी. ती येणारे स्विच वेगळे, कार्डं वेगळी. शिवाय आयपी नाही, म्हणजे राउटरपलीकडे साध्या रस्त्याने जाता येत नाही. सर्व्हरपासून पहिल्या स्विचपर्यंतच्या हातभर अंतरात ते थोडंफार रुळलं, त्यापलीकडे बहुतेकांनी शहाणपणाने जुनी वायरच ठेवली. तिसरारॅक यांची 'एकच जाळं' ही हौस नवी नाही, एवढंच.

फाईलबाबू

फायबरनिष्ठ, मजेशीर गोष्ट ही की एफसीओई मागे पडलं आणि पॅकेट गळू देणारं, अडाणी म्हणून हिणवलेलं आयस्कझी टिकलं. टीसीपीला गळती मान्य आहे, म्हणून ते कुठल्याही स्विचवर चालतं. ज्याला निर्दोष रस्ता लागतो त्याला रस्ताच मिळत नाही, असा तो प्रकार झाला.

पण माझा आक्षेप मुळावरच आहे. सामाईक स्टोरेज हवंय ना? मग ब्लॉकच्या, म्हणजे कोऱ्या डिस्कच्या, नादी का लागता? एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारी पद्धत) घ्या. सनने १९८४ मध्ये आणलेली गोष्ट आहे, आवृत्ती ३ चं आरएफसी १९९५ चं. व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे एक फाइल. दोन सर्व्हरांनी एकाच वेळी बघितली तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण फाइल सिस्टिम एकाच ठिकाणी, बॉक्सवर. लन (बॉक्सने दिलेली डिस्क) नको, इनिशिएटरची (डिस्क मागणाऱ्या सर्व्हरची) लांबलचक नावं नकोत, मल्टिपाथच्या फाइलीत रात्री काढणं नको.

रात्रपाळी

आणि एनएफएसचा सर्व्हर गेला की 'डी' (डिस्कची वाट बघणाऱ्या) स्थितीत लटकलेल्या प्रोसेस हव्यात! मारताही येत नाहीत, 'डीएफ' (रिकामी जागा बघायची आज्ञा) लिहिलं की टर्मिनलच गोठतं.

फाईलबाबू

हार्ड माउंट (उत्तर येईपर्यंत थांबणारी जोडणी) आहे, म्हणून लटकतात. लटकणं बरं की खोटं बोलणं बरं? सॉफ्ट माउंट मुदत संपली की अर्ध्या लिखाणावर चूक परत देतो, आणि ती चूक बघण्याची तसदी न घेणारे प्रोग्राम जगात भरपूर आहेत. तुमच्याच किस्स्यात ती साठ मशीन रीड-ओन्ली झाली. माझ्याकडे ती चार मिनिटं गोठली असती आणि मग काही न झाल्यासारखी पुढे गेली असती.

रात्रपाळी

हं. हा मुद्दा मानला. अर्धा. आयस्कझीतही वाट नसेल तर रांगेत उभं राहायला मल्टिपाथला सांगता येतं, आम्ही सांगितलं नव्हतं.

कोरडीगणितं

फाईलबाबू, एनएफएसची दुसरी बाजू सांगितली नाहीत. आयस्कझीत दोन वाटा म्हणजे दोन सेशन, भार दोन्हींवर खरोखर वाटला जातो. एनएफएस आवृत्ती ३ चा माउंट म्हणजे साधारणपणे एक टीसीपी जोडणी. त्याखाली चार वायरींचा एलएसीपी जोड ठेवलात तरी एका जोडणीचा सगळा माल हॅशने ठरवलेल्या एकाच वायरीवरून जाणार, बाकीच्या तीन बघत बसणार. 'एनकनेक्ट' आलं ते लिनक्स ५.३ मध्ये, २०१९ साली. त्यानंतर एका माउंटला अनेक जोडण्या मिळाल्या. तुमचा कर्नल जुना असेल तर तेही नाही.

"चार वायरी जोडल्या, आता चाळीस गिगाबिट" असं समजून बसलेले लोक मी दरवर्षी बघतो.

नवशिक्या

अवांतर प्रश्न, माफ करा. मी दोन सर्व्हरवर एकच आयस्कझी लन जोडली आहे, एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) करून दोन्हीकडे माउंट केली. एकावर केलेली फाइल दुसऱ्यावर दिसत नाही. रीबूट केलं की दिसते. कॅशेचा प्रश्न असावा का? हे नेटवर्क वेगळं नसल्यामुळे होतंय का?

बफरमावशी

नवशिक्या, आधी एका सर्व्हरवरून अनमाउंट करा. आत्ता. मग पुढचं वाचा.

केलंत? आता ऐका. आयस्कझीने तुम्हाला फोल्डर दिलेलं नाही, कोरी डिस्क दिली आहे. एक्स्ट४ ची समजूत अशी की या डिस्कची मालकीण मी एकटीच. दोन सर्व्हरांवर दोन एक्स्ट४ बसल्या आहेत, दोघी आपापल्या आठवणीतल्या नकाशावरून जागा वाटतायत, एकीचा दुसरीला पत्ता नाही. फाइल दिसत नाही हा तुमच्या दुखण्यातला सगळ्यात सौम्य भाग. एकीने जिथे फाइल लिहिली तीच जागा दुसरी रिकामी समजून वापरते. आता 'ई२एफएससीके' (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं) चालवा, पण आधी लनची प्रत काढून घ्या, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली काय काय फेकेल सांगता येत नाही. दोघांना एकत्र हवं असेल तर जीएफएस२, ओसीएफएस२ अशी वाटून घेणं जाणणारी फाइल सिस्टिम लागते, किंवा मग फाईलबाबूंचं ऐका.

नेटवर्क वेगळं असतं तरी हेच झालं असतं.

नवशिक्या

अनमाउंट केलं. धन्यवाद मावशी. हात थरथरतायत.

फाईलबाबू

बघा. मी काय म्हणत होतो.

कोरडीगणितं

मूळ मुद्द्याकडे येतो. धागाकर्त्यांच्या हिशेबातली २४ डिस्क आणि २० एमबीची बेरीज बरोबर आहे, पण ती विखुरलेल्या वाचनाची आहे. रात्री बॅकअप लागतो तेव्हा वाचन सलग होतं. त्याच डिस्क सलग वाचताना प्रत्येकी सेकंदाला दीडशे एमबी सहज देतात. चोवीस डिस्कचे साडेतीन जीबी, म्हणजे जवळजवळ तीस गिगाबिट. रेडचा (अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या रचनेचा), कंट्रोलरचा कर वजा केला तरी दहाचा नळ भरून वाहणार. मावशींनी बघायला लावलेले ड्रॉप बॅकअपच्या पोर्टवर निघाले, यात मला तरी नवल वाटलं नाही.

आणि पुढच्या बॉक्समध्ये फिरत्या डिस्क असणार नाहीत. पीसीआयई ४ ची एक चांगली एनव्हीएमई (वेगवान फ्लॅशची) डिस्क सेकंदाला ७ जीबी वाचते. हे झाले ५६ गिगाबिट. एका डिस्कने पाच वायरी भरल्या. इतकी वर्षं नेटवर्क डिस्कची वाट बघायचं, आता डिस्क नेटवर्कची वाट बघते. आयस्कझीची रचना फिरत्या डिस्कच्या काळातली. एनव्हीएमई ओव्हर टीसीपी २०१८ च्या नोव्हेंबरात मंजूर झालं, २०१९ च्या लिनक्स ५.० मध्ये आलं. तेही साध्या इथरनेटवर चालतं, पोर्ट ४४२०. प्रत्येक प्रोसेसर कोअरला स्वतःची रांग आणि स्वतःची टीसीपी जोडणी, एकाच खिडकीवर झुंबड नाही. ते आलं की "रिकामा हमरस्ता" ही उपमा धागाकर्त्यांनाच मागे घ्यावी लागेल.

तिसरारॅक

बॅकअपचं गणित मी केलंच नव्हतं. मान्य, बिनशर्त. बॅकअपला सलग वाचन असतं हे माहीत असून आलेख दिवसाचा दाखवला, यात चलाखी नव्हती, आळस होता.

पण त्याचा अर्थ वेगळे स्विच असा होत नाही, बॅकअपला लगाम असा होतो. प्राधान्याच्या रांगा कशासाठी आहेत? शिवाय फ्लो कंट्रोल लावलं की बफर भरण्याआधीच समोरच्याला थांबवता येतं.

बफरमावशी

फ्लो कंट्रोलबद्दल जरा जपून. साधं ८०२.३एक्स पॉज पूर्ण वायर थांबवतं, कोणता ट्रॅफिक कुणाचा हे बघत नाही. तुमच्या सर्व्हरची जी वायर स्टोरेजसाठी आहे तिच्यावरूनच इतर व्हीलॅन जात असतील, तर डिस्कमुळे आलेला पॉज त्यांनाही थांबवणार. सामाईक स्विचवर मी ते लावत नाही. निव्वळ स्टोरेजच्या स्विचवर आनंदाने लावते. हा एक गुण वेगळ्याच्या पारड्यात टाका.

रात्रपाळी

जम्बो फ्रेमही त्याच पारड्यात. ९००० बाइटचा एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणारा कमाल माल) सर्व्हरवर, स्विचवर आणि बॉक्सवर, तिन्ही ठिकाणी हवा. सामाईक स्विचवर कुणीतरी एक पोर्ट १५०० वर ठेवतोच. गंमत म्हणजे लगेच कळत नाही. डिस्कव्हरी होते, लॉगिन होतं, लन दिसते, सगळी छोटी पॅकेटं जातात. पहिलं मोठं वाचन आलं की चिडीचूप. मी पहिल्यांदा हे भोगलं तेव्हा बॉक्सचा कंट्रोलर बदलून घेतला होता.

कोरडीगणितं

आणि मिळतं काय? १५०० च्या फ्रेममध्ये वायरीवरच्या १५३८ बाइटांत १४६० बाइट कामाचे, म्हणजे ९५ टक्के. ९००० मध्ये ९९. चार टक्क्यांसाठी एवढं दिव्य. प्रोसेसरची बचत होते म्हणतात, पण आजची कार्डं तुकडे करणं-जोडणं स्वतःच करतात. नवीन मांडणी असेल तर १५०० वर सुरू करा, मोजा, मग ठरवा. लावलंच तर ८९७२ बाइटचं पिंग, तुकडे न करण्याच्या अटीवर, प्रत्येक सर्व्हरवरून बॉक्सच्या प्रत्येक पोर्टला. वरचे २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे.

फायबरनिष्ठ

कुणीच सुरक्षेचं काढलं नाही म्हणून सांगतो. आयस्कझी वायरीवरून उघडं जातं. चॅप (आयस्कझीची ओळखतपासणी) फक्त 'तू कोण' विचारतं, डेटा झाकत नाही. सामाईक स्विचवर एखाद्याने चुकून ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या वायरीवर) सगळ्या व्हीलॅन मोकळ्या सोडल्या, तर तुमच्या डिस्कमधला अख्खा मजकूर कुणाच्या तरी पॅकेट पकडणाऱ्या खिडकीत. आणि टीसीपीचा चेकसम १६ बिटांचा असतो, डेटा डायजेस्ट (आयस्कझीची स्वतःची डेटापडताळणी) चालू करा, ते सीआरसी३२सी हा ३२ बिटांचा चेकसम वापरतं. फायबर चॅनेल घ्या असं मी आता म्हणत नाही. तीन सर्व्हरांसाठी मीसुद्धा घेणार नाही. पण वेगळ्या वायरीला सोवळं म्हणून हसू नका.

तिसरारॅक

'सोवळं' शब्द मागे घेत नाही, कारण सल्लागारांकडे यातलं एकही कारण नव्हतं. कारण माहीत नसताना पाळलेली योग्य गोष्टही सोवळंच. पण योजना बदलली आहे.

बॅकअप या स्विचवरून हलवतोय. स्टॅक मोडू देत नाहीत, रात्रपाळींचा अंदाज बरोबर निघाला, सगळ्यांचे एलएसीपी जोड आडवे आले. म्हणून एक वाट जुन्या स्टॅकवरून, आणि दुसऱ्या वाटेसाठी कपाटात पडलेला एक स्वतंत्र स्विच, ज्याच्यावर दुसरं काहीही नाही. अर्धं सोवळं म्हणा. स्टॅक गेला तरी एक वाट राहील, तो सुटा स्विच गेला तरी एक राहील. दोन्ही नवीन घ्यायचे नाहीत, यावर मी अजून ठाम आहे.

बफरमावशी

वाटा असमान आहेत, हे लक्षात ठेवा. मल्टिपाथ राउंड-रॉबिन (पाळीपाळीने दोन्ही वाटा) ठेवलात तर मंद वाट दोघींचा वेग ठरवेल. त्या सुट्या स्विचचा बफर बघितलात का?

तिसरारॅक

बघतो. शनिवारी रात्री सुट्या स्विचची वायर उपटून चाचणी घेणार आहे. व्हर्च्युअल मशीनवर लिखाण चालू ठेवून. निकाल इथे टाकतो.

रात्रपाळी

उपटण्याआधी ओपन-आयस्कझीची (लिनक्सवरच्या आयस्कझी प्रोग्रामची) 'रिप्लेसमेंट टाइमआउट' बघून घ्या. ती मुळात १२० सेकंद असते, म्हणजे वाट मेली तरी दोन मिनिटं तो आशेवर बसू शकतो. मल्टिपाथ असेल तर ती बरीच खाली आणायची.

आणि वायर उपटणं ही सोपी चाचणी आहे. लिंक जाते, दिवा विझतो, सगळ्यांना लगेच कळतं. खरी चाचणी अशी करा: वायर तशीच राहू द्या, दिवा हिरवा राहू द्या, फक्त स्विचवर त्या पोर्टमधून स्टोरेजची व्हीलॅन काढून टाका. मग घड्याळ लावून बघा, लिखाण किती सेकंद थांबतं. तो आकडा टाका इथे.